अनवाणी धावण्याची गोष्ट आणि तिचे पुरावे

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेने धावण्याच्या बारा जोड बुटांसाठी एक अर्ज केला होता. तालुक्याच्या स्पर्धेत आमची नववीतली एक मुलगी तीन हजार मीटर अनवाणी धावून दुसरी आली होती, आणि बक्षीस घ्यायला ती टाचांवर चालत गेली, कारण दोन्ही चवड्यांना फोड आले होते. अर्ज परत आला. त्यावर शेरा काहीच नव्हता, पण ज्यांच्या हातून तो परत आला ते गृहस्थ पुढे एका समारंभात भेटले तेव्हा हसत म्हणाले, "सर, आता अमेरिकेतले प्राध्यापकसुद्धा अनवाणी धावा म्हणून सांगतात. तुम्ही तर विज्ञान शिकवता. पुस्तक वाचा की!" आणि त्यांनी पुस्तकाचे नावही सांगितले.

ते पुस्तक मी आधी वाचले होते, आणि खरे सांगायचे तर मला ते फार आवडले होते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ते पुन्हा वाचायला घेतले, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. सोबत त्याच विषयाच्या आसपासची आणखी दोन पुस्तके वाचली. खेळ, धावणे, भटकंती यांवरची लोकप्रिय पुस्तके आजकाल शहरातल्या दुकानांत पुष्कळ दिसतात. आपल्यापैकी अनेक जण ती मुलांच्या हाती देतात, द्यावीतही. पण अशी पुस्तके वाचायची कशी, याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

क्रिस्टोफर मॅकडूगल या अमेरिकन पत्रकाराचे 'बॉर्न टु रन' हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले. लेखकाचा पाय दुखत होता. डॉक्टरांनी त्याला सल्ला दिला की धावणे सोडा, मानवी शरीर त्यासाठी बनलेलेच नाही. या एका वाक्याने तो अस्वस्थ होतो आणि उत्तर शोधत मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या कॉपर कॅनियन या खोल दऱ्यांच्या प्रदेशात जाऊन पोचतो. तिथे रारामुरी लोक राहतात. बाहेरचे लोक त्यांना ताराहुमारा म्हणतात. लाकडी चेंडू पायाने उडवत डोंगरवाटांवरून तासन्‌तास, कधी दिवसरात्र, धावण्याच्या त्यांच्या शर्यती प्रसिद्ध आहेत. भाजलेल्या मक्याचे पीठ पाण्यात कालवून (आपल्याकडे सातूचे पीठ कालवतात तसे) ते पितात आणि निघतात. या लोकांत येऊन राहिलेला 'काबायो ब्लांको' हा एकांडा अमेरिकन धावपटू, जुन्या शर्यतींच्या कहाण्या, आणि शेवटी २००६ साली त्या दरीतच झालेली रारामुरी व अमेरिकन धावकांची सुमारे ऐंशी किलोमीटरची शर्यत, असा पुस्तकाचा पट आहे. तीत अमेरिकेतला त्या काळचा आघाडीचा लांब पल्ल्याचा धावपटू स्कॉट ज्युरेक याला अर्नुल्फो किमारे या रारामुरीने हरवले.

मॅकडूगलला गोष्ट सांगता येते. एक प्रकरण ऐन चढावर सोडायचे, मध्येच शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत शिरायचे आणि वाचक कंटाळायच्या आत पुन्हा दरीत उतरायचे, ही त्याची रीत. हे पुस्तक वाचून हजारो लोक धावू लागले असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. मीही आठ दिवस पहाटे उठलो होतो.

अडचण अशी की या एका गोष्टीच्या दोरीवर लेखकाने तीन वेगवेगळी विधाने ओवली आहेत. माणूस उत्क्रांतीच्या ओघात लांब पल्ला धावण्यासाठी घडला, हे पहिले. रारामुरी हे त्या मूळ माणसाचे आज उरलेले रूप आहेत, हे दुसरे. आणि आपल्या पायांना दुखापती होतात त्या आधुनिक बुटांमुळे, हे तिसरे. तिन्हींचे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. वाचताना मात्र ती एकाच वेगाने आपल्यापुढून जातात, आणि पहिल्याचा विश्वास नकळत तिसऱ्याच्या खात्यात जमा होतो. आमच्या अर्जाचे झाले ते नेमके असेच.

पहिले विधान सर्वांत रंजक आणि सर्वांत भक्कम आहे. डेव्हिड कॅरियर या तरुण संशोधकाने १९८४ साली एक कोडे मांडले. चार पायांच्या बहुतेक प्राण्यांपेक्षा माणूस सावकाश धावतो आणि धावताना ऊर्जाही जास्त खर्च करतो. मग तो धावतोच कशाला? त्याआधी १९८३ साली त्याचे गुरू डेनिस ब्रॅम्बल आणि तो यांनी दाखवले होते की चौखूर उधळणाऱ्या प्राण्याचा श्वास त्याच्या पावलाला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. माणसाचा श्वास असा जखडलेला नाही. शिवाय केसाळ प्राणी अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, आणि उधळताना त्याला हव्या तशा धापा टाकता येत नाहीत. माणसाच्या जवळजवळ उघड्या कातडीवर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. म्हणजे भर दुपारी हरणामागे माणूस लागला, तर हरीण वेगाने पुढे जाईल, थांबेल, पुन्हा पळेल. पण अंग निववायला पुरेसा वेळ त्याला मिळाला नाही तर तासा-दोन तासांनी त्याचे शरीर तापून ते उभे राहील. माणूस घाम गाळत मागून येतोच आहे.

कॅरियरने आपल्या भावाबरोबर वायोमिंगच्या माळावर हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला आणि तो सपशेल फसला. ज्या हरणाचा पाठलाग करायचा ते कळपात मिसळे आणि कोणते दमलेले व कोणते ताजे ते ओळखू येईना. हा प्रसंग मॅकडूगलने झकास रंगवला आहे, आणि पुढे लुई लिबेनबर्ग या दक्षिण आफ्रिकी माणसाची गोष्टही. कालाहारीतल्या सान शिकाऱ्यांबरोबर राहून लिबेनबर्गने दमवून करायची शिकार स्वतः पाहिली आणि २००६ साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्या वर्णनातून कॅरियर कुठे चुकला तेही कळते. या शिकारीत पायांइतकेच डोके लागते. माग काढता आला पाहिजे, एकाच जनावराचे ठसे इतरांतून वेगळे ओळखता आले पाहिजेत.

ब्रॅम्बल आणि हार्वर्डचे डॅनिएल लिबरमन यांनी २००४ साली 'नेचर'मध्ये शरीररचनेचे पुरावे एकत्र मांडले. टाचेची लांब, स्प्रिंगसारखी कंडरा. मोठा नितंबस्नायू, जो सपाटीवर चालताना फारसा कामाला येत नाही पण धावताना धड पुढे कोसळू देत नाही. आणि डोके स्थिर ठेवणारा मानेमागचा अस्थिबंध. या शेवटच्या मुद्द्याची सुरुवात गमतीची आहे. फिरत्या पट्ट्यावर एक डुक्कर धावत होते, आणि त्याचे डोके भलतेच हलते आहे हे ब्रॅम्बलच्या लक्षात आले. घोडा, कुत्रा यांना तो अस्थिबंध असतो. डुकराला नाही, चिंपँझीला नाही. माणसाला आहे. हाडांच्या जीवाश्मांवर त्याच्या जागेची खूण शोधता येते, म्हणून हा पुरावा मोलाचा.

यावर आक्षेपही आले. ही शिकार जगात फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली आहे, ती उघड्या माळरानावरच जमते, झाडीत नाही. आणि या खुणांपैकी काही उत्तम चालण्यासाठीही उपयोगी असू शकतात, असे टीकाकार म्हणत. पहिला आक्षेप अलीकडे बराच सैल झाला. यूजीन मोरॅन आणि ब्रूस विंटरहाल्डर यांनी जुनी प्रवासवर्णने, मिशनऱ्यांच्या नोंदी, मानववंशशास्त्राचे ग्रंथ यांतून धावून दमवलेल्या शिकारीची सुमारे चारशे वर्णने गोळा केली आणि २०२४ साली प्रसिद्ध केली. ती निरनिराळ्या खंडांतली, निरनिराळ्या भूप्रदेशांतली आहेत. वाद मिटला असे नाही. पण मॅकडूगलची ही बाजू पंधरा वर्षांनंतर दुबळी न होता बळकट झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. वेल्समध्ये १९८० पासून माणूस आणि घोडा यांची साधारण पस्तीस किलोमीटरची शर्यत होते, तीत २००४ साली प्रथमच एक माणूस जिंकला. वर्गात हा प्रश्न टाकून पाहावा: चोवीस वर्षे घोडाच पहिला आला, तर मग हे उदाहरण सिद्धांताच्या बाजूचे की विरुद्ध? आणि त्या दिवशीच्या तापमानाची चौकशी करावी का?

मात्र याच प्रकरणांत एक असे उदाहरण आहे की ते वाचून सांख्यिकी शिकवणारा कोणताही शिक्षक पेन्सिल उचलेल. न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या २००४ सालच्या निकालांवरून असे सांगितले आहे की एकोणिसाव्या वर्षापासून धावकांचा वेग वाढत सत्ताविसाव्या वर्षी शिखर गाठतो, मग हळूहळू उतरतो, आणि पुन्हा एकोणीस वर्षांच्या मुलाइतका व्हायला चौसष्टावे वर्ष उजाडते. म्हणजे म्हातारपणीही माणूस धावण्यात टिकून राहतो, ही त्याच्या जन्मजात क्षमतेची खूण! वाचकाला हे ऐकून बरे वाटते. पण चौसष्टाव्या वर्षी मॅरेथॉनच्या रेषेवर उभा राहतो तो कोण? गुडघे, हृदय, संसार आणि आळस या सगळ्या चाळण्यांतून खाली उरलेला, बहुधा वीसतीस वर्षे नेमाने धावलेला माणूस. आणि एकोणिसाव्या वर्षी उभा राहतो त्यांत मित्राच्या पैजेखातर आलेलेही पुष्कळ. दोन गटांची निवडच वेगवेगळ्या रीतीने झाली आहे. एकाच माणसाचे वय वाढताना काय होते, हे या आकड्यांवरून कळतच नाही. आपल्याकडे निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्याला जाऊन 'सत्तरीतले सगळे शिक्षक ठणठणीत असतात' असा निष्कर्ष काढण्यासारखेच हे आहे. जे ठणठणीत नाहीत ते मेळाव्याला येत नाहीत.

आता बुटांकडे वळू, कारण माझे भांडण तिथे आहे.

मॅकडूगलचा युक्तिवाद थोडक्यात असा: सन १९७२ च्या सुमारास नायकी कंपनीने जाड टाचेचे, गादीदार बूट आणले, लोक टाचेवर आपटत धावू लागले, तेव्हापासून दुखापती कमी झालेल्या नाहीत, बूट काढा. यात पहिली फट लगेच दिसते. बूट बदलले त्याच दशकात अमेरिकेत धावणाऱ्यांची जातच बदलली. आधी धावत ते मुख्यतः शाळा-महाविद्यालयांचे खेळाडू. सत्तरीत दिवसभर खुर्चीत बसणारी चाळिशीची मंडळी लाखोंनी रस्त्यावर आली. दुखापतींचे कारण बूट की बूट घालणारा, हे वेगळे कसे करणार? त्याआधीच्या हौशी धावकांच्या दुखापतींच्या पद्धतशीर नोंदी जवळजवळ नाहीतच, म्हणजे तुलनेची दुसरी बाजूच रिकामी आहे.

पुस्तकानंतर वर्षभरात, २०१० साली, लिबरमन आणि सहकाऱ्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. केनियातले व अमेरिकेतले, बुटांची सवय असलेले आणि नसलेले धावक त्यांनी तपासले. बुटांत वाढलेले बहुतेक जण टाचेवर उतरत होते, अनवाणी वाढलेले बहुधा चवड्यावर. टाचेवर उतरताना सुरुवातीच्या काही सहस्रांश सेकंदांत एक टोकदार धक्का बसतो. अनवाणी टाचेवर उतरल्यास तो शरीराच्या वजनाच्या दीड ते तीनपट भरतो. चवड्यावर उतरल्यास हा टोकदार भाग जवळजवळ नाहीसा होतो. कारण नववीच्या पुस्तकातलेच आहे. झेल घेताना आपण हात मागे नेतो, चेंडू थांबायला लागणारा वेळ वाढतो आणि बल कमी होते. इथे घोटा हळूहळू वाकून टाच खाली येते. शिवाय पायाचा लहानसा भागच एकदम थांबतो, पोटरीसकट सगळा पाय नव्हे.

हा प्रयोग सुंदर आहे. फक्त त्याने दुखापती मोजलेल्या नव्हत्या. निबंध म्हणतो ते इतकेच की अशा धावण्याने आघातामुळे होणाऱ्या काही इजांपासून संरक्षण मिळत असावे. 'असावे' या क्रियापदाचे वर्तमानपत्रांत जाईपर्यंत 'आहे' झाले. (निधी देणाऱ्यांत पातळ तळव्याचे बूट बनवणारी विब्रॅम कंपनी होती, हेही निबंधातच नोंदलेले आहे. त्याने प्रयोग खोटा ठरत नाही. पण ते लपवले नाही, हे मुलांना आवर्जून दाखवावे.) आणि आघात कमी झाला म्हणजे भार नाहीसा झाला असे नव्हे. टाचेला मिळालेली सवलत पोटरी, टाचेची कंडरा आणि तळव्याची लांब हाडे यांच्याकडून वसूल होते.

मग पुढची मोजमापे आली. उत्तर केनियातल्या डासनाच लोकांवर २०१३ साली झालेल्या अभ्यासात असे दिसले की जन्मभर अनवाणी राहिलेली ही माणसे सोयीच्या, बेताच्या वेगाने धावताना बहुतांशी टाचेवरच उतरतात. वेग वाढला की काही जण पाऊल बदलतात. म्हणजे 'अनवाणी माणूस आपोआप चवड्यावर उतरतो' हे सरसकट विधान पहिल्याच दुसऱ्या ठिकाणी अडखळले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ हौशी धावक घेतले, काहींना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळव्याच्या पाच बोटांच्या बुटांवर आणले, आणि पायांची चुंबकीय प्रतिमा घेतली. त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पावलांच्या एखाद्या तरी हाडात मज्जेची सूज वाढलेली आढळली. ही सूज हाडावर ताण येत असल्याची खूण आहे. नेहमीच्या बुटांच्या गटात असे क्वचितच दिसले. हे बूट पाय मजबूत करतात व इजा टाळतात अशी जाहिरात केल्याबद्दल विब्रॅमवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला होता. दोष मान्य न करता कंपनीने २०१४ साली ३७ लाख ५० हजार डॉलरांवर तो मिटवला.

अनवाणी धावण्याच्या प्रत्येक गप्पेत इथिओपियाचा अबेबे बिकिला येतोच. रोमच्या १९६० च्या ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत. गप्पा इथेच थांबतात. पण तोच बिकिला १९६४ साली टोकियोत पुन्हा जिंकला, २ तास १२ मिनिटे १२ सेकंदांत, आणि त्या वेळी त्याच्या पायांत बूट होते. एका माणसाच्या दोन शर्यतींवरून बुटांच्या बाजूनेही काही सिद्ध होत नाही, हे उघड आहे. मात्र गोष्टीचा अर्धा भागच का सांगितला जातो, हे लक्षात घ्यावे.

आणि रारामुरी? ते तर अनवाणी धावतच नाहीत! जुन्या मोटारींच्या टायरचा तुकडा कापून, चामड्याच्या पट्ट्यांनी पायाला बांधलेल्या चपला ते घालतात. पुस्तकात हे लपवलेले नाही, वर्णनही चांगले आहे. तरी वाचकाच्या मनात उरते ते अनवाणी माणसाचे चित्र. आपल्या खेड्यांत टायरच्या वहाणा घालून उसाच्या फडात राबणारा माणूस पाहिलेल्याला या चपलांचे गूढ वाटणार नाही. दगडगोटे आणि काटे यांच्यापासून पाय वाचवणे, हेच त्यांचे काम.

पुस्तकाचा मला सर्वांत खटकलेला भाग इथेच आहे. रारामुरी त्यात जवळजवळ रोगमुक्त, निरागस, धावण्यासाठीच जन्मलेले म्हणून येतात. त्या डोंगरांतले कुपोषण, बालमृत्यू, दुष्काळ हे पानांच्या कडेला राहतात. अमली पदार्थांच्या टोळ्या पुस्तकात आहेत, पण बहुधा लेखकाच्या प्रवासातला धोका म्हणून. ज्या शर्यतीवर पुस्तक संपते तीच शर्यत २०१५ साली गोळीबारामुळे रद्द करावी लागली. लिबरमन यांनी इतर अभ्यासकांसह, त्यांत रारामुरीही होते, तिथल्या वृद्ध धावकांच्या मुलाखती घेऊन २०२० साली एक मोठा निबंध लिहिला. 'दणकट रानटी माणूस' ही कल्पनाच भ्रामक आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. बहुतेक रारामुरी धावण्याचा वेगळा सराव करत नाहीत. चढउतारावर चालणे, शेतीची कामे, गुरांमागे जाणे, रात्रभर नाचणे यांतून त्यांचा दम तयार होतो. काही थोडेच मोठ्या शर्यती धावतात, तेही कष्टाने. त्यांचेही पाय दुखतात. आणि धावणे त्यांच्यासाठी पैजेचा खेळ आहे तसे प्रार्थनेचे रूपही आहे. त्यांच्या धावण्याला जन्मजात देणगी म्हटले की त्यांचे श्रम आणि त्यांचा विचार दोन्ही पुसले जातात. आदिवासी मुले 'मुळातच' काटक असतात असे आपणही निवड चाचणीच्या वेळी सहज बोलून जातो. त्यात कौतुक असते, पण त्या मुलांना बूट, दूध आणि प्रशिक्षक यांची गरज कमी आहे असा अर्थही त्यात दडलेला असतो.

लिबरमन यांचे स्वतःचे पुस्तक 'एक्सरसाइज्ड' २०२० साली आले. मॅकडूगलच्या पुस्तकातला शास्त्रज्ञ इथे स्वतः बोलतो, आणि स्वर किती वेगळा आहे! 'व्यायाम करण्यासाठी आपली उत्क्रांती झालेलीच नाही' असे तो म्हणतो. आपले पूर्वज हालचाल करीत ती पोटासाठी किंवा मौजेसाठी. नाहीतर शक्ती वाचवत. टांझानियातले हाडझा हे शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणारे लोक. दिवसातले जवळजवळ दहा तास तेही बसून असतात, फक्त पुष्कळदा उकिडवे किंवा गुडघ्यांवर, म्हणजे स्नायू थोडे जागे ठेवून. त्यामुळे व्यायामाचा कंटाळा येणाऱ्या मुलाला आळशी म्हणू नका, हा त्याचा मुद्दा शारीरिक शिक्षणाच्या तासाला फार उपयोगाचा आहे. ट्रेडमिलचा इतिहासही त्याने मजेत सांगितला आहे. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ साली कैद्यांना राबवण्यासाठी आणलेले ते यंत्र. आज लोक पैसे भरून त्यावर चढतात.

पुस्तक लांबले आहे, 'गैरसमज क्रमांक अमुक' ही मांडणी चौथ्या प्रकरणानंतर कंटाळवाणी होते, आणि उत्क्रांतीची एक सोयीस्कर गोष्ट प्रत्येक सवयीला चिकटवण्याचा मोह लेखकाला काही ठिकाणी आवरलेला नाही. पण पुरावा कमी पडतो तिथे तो तसे लिहितो. चवड्यावर धावावे की टाचेवर, या प्रश्नावर तो मॅकडूगलच्या वाचकांची निराशाच करील.

तिसरे पुस्तक डेव्हिड एप्स्टाइन यांचे 'द स्पोर्ट्स जीन' (२०१३). दहा हजार तास सराव केला की कोणीही निष्णात होतो, हे वाक्य आपल्या शिक्षकखोल्यांतही ऐकू येते. माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ च्या 'आउटलायर्स'मुळे ते घरोघर पोचले. मूळ अभ्यास अँडर्स एरिक्सन यांचा, १९९३ सालचा, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. त्यात उत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी दहा हजारांच्या वर गेली होती. ती सरासरी होती, उंबरठा नव्हे. एरिक्सननेही पुढे ही गल्लत बोलून दाखवली. एप्स्टाइन इथे उंच उडीची गोष्ट सांगतो. स्वीडनचा स्टेफान होल्म बालपणापासून त्याच एका उडीवर झिजला, २००४ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकला. बहामाचा डॉनल्ड थॉमस जेमतेम दीड वर्षापूर्वी, तेही पैजेने, पहिल्यांदा दांडीवरून गेलेला. ओसाकाच्या २००७ च्या जागतिक स्पर्धेत थॉमस २.३५ मीटर उडून पहिला आला आणि होल्म पदकाविना राहिला. एप्स्टाइनचे मोठेपण असे की थॉमसची असामान्य लांब कंडरा दाखवून तो 'सगळे जन्मावर' असे म्हणत नाही. पुढच्याच पानांत सरावाची बाजू भरतो. एकाच व्यायामाला दोन शरीरे वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे त्याचे प्रकरण प्रत्येक क्रीडाशिक्षकाने वाचावे. पट्टीचा मार खाऊनही ज्याचा दम वाढत नव्हता असा एखादा जुना विद्यार्थी त्याला नक्की आठवेल. मला आठवला.

मराठीत भटकंतीचे लेखन संपन्न आहे. गो. नी. दांडेकरांचे 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून गडांवर गेलेल्यांच्या पिढ्या आहेत. व्यायामावर तर दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' काढला होता; एवढा खटाटोप आज कोणी करील असे वाटत नाही. पण चढताना धाप का लागते, उतरताना गुडघा का दुखतो, अनवाणी पायाच्या तळव्याखाली काय घडते, हे गोष्टीच्या ओघात सांगणारे मराठी पुस्तक मला अजून भेटलेले नाही. तोवर 'बॉर्न टु रन' नववी-दहावीच्या वाचणाऱ्या मुलांना जरूर द्यावे, आणि सोबत मैदानही द्यावे. धावताना किती पावलांना एक श्वास होतो ते मुलांना मोजू द्या; वेग बदलला की ते गुणोत्तर बदलते. मोबाइलच्या संथ चित्रणात पाऊल कसे टेकते ते बघता येते. आम्ही वीस मुलांचे पाहिले. अनवाणी धावणारेही बरेच टाचेवर उतरले; पण वीस मुले, एक मुरमाड मैदान आणि कॅमेरा बघून सावध झालेली पावले, एवढ्यावरून काही ठरत नाही, हे मुलांनीच फळ्यावर लिहिले.

अर्ज आम्ही पुन्हा केला. या वेळी बिकिलाच्या दोन्ही वेळा सोबत जोडल्या, आणि ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीवाटे शिरणाऱ्या आकडीकृमींबद्दल अर्धे पान लिहिले. बारा मागितले होते, आठ जोड आले, तेही सगळे एकाच मापाचे. त्या मुलीने दोन मोजे चढवून एक जोड पायांत घातला, मैदानाला एक फेरी मारली, आणि बूट हातात घेऊन परत येत म्हणाली, "सर, एक नंबर लहान मिळेल का?"